आईचा टोंगळा आणि ईएसआरपुढचा तो बाण

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, ज्यांचं एसटीत नेट गेलं किंवा जे इअरफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी दर वेळेसारखं हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोललेलंच थोडं नीट करून लिहिलंय. मधेमधे "बघा", "म्हणजे" जास्त आलं तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे गुडघेदुखी आणि रक्ताचा रिपोर्ट. थांबा, "हा म्हाताऱ्यांचा विषय" म्हणून लगेच पुढे जाऊ नका. कारण गुडघा दुखतो आईचा, पण रिपोर्टची पीडीएफ येते तुमच्या फोनवर. आई विचारते, "काय लिवलं हाय त्याच्यात?" आणि त्या क्षणी घरातले डॉक्टर तुम्हीच असता. माझ्यावर ही वेळ आली, तेव्हा मी ती पीडीएफ चुकीची वाचली. म्हणून आज बोलायचंय.

झालं असं

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात. मी नोकरीला नागपूरला. मागच्या वर्षी दिवाळीनंतरचे दिवस, कापूस वेचणीचे. आई ५६ वर्षांची. कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकून कापूस वेचायचा, घरी येऊन चुलीपुढे बसायचं. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "काही नाही वं, टोंगळे दुखून राहिले." बाहेरच्या मंडळींसाठी सांगते, आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात.

ती दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होती, हे मला माहीत होतं. रोज खात होती आणि सकाळी चहावरच खात होती, हे माहीत नव्हतं.

मी काय केलं? आजकाल आपण सगळेच करतो ते. तालुक्याच्या गावातल्या एका कलेक्शन सेंटरवर 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' नावाचं पॅकेज बुक केलं. त्यात सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, एएसओ आणि युरिक ॲसिड. रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. सगळं साधं, फक्त ईएसआर ४४, ठळक अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. बाजूला लिहिलेलं, ० ते २०.

माझ्या पोटात गोळा आला. फॅमिली ग्रुपवर टाकलं. एका काकांचा निरोप आला, "वात रक्तात भिनला." मी गूगल केलं, त्यात 'इन्फ्लमेशन' आलं, 'ऑटोइम्यून' आलं, आणखी काय काय आलं. दोन दिवसांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून आई शेजारच्या गावात एकाकडे जाऊन दोन सुया टोचून आली. दहा दिवस दुखणं गायब! आई खूश, मी खूश. अकराव्या दिवशी टोंगळा परत सुरू. मग गोळ्या वाढल्या.

शेवटी मी सुट्टी काढून तिला वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमपुढे मी आधी फोनच धरला. त्या म्हणाल्या, "ते ठेव बाजूला. आधी टोंगळा पाहू."

त्यांनी काय पाहिलं आणि त्या पीडीएफमध्ये कशावर बोट ठेवलं, ते सांगते. पण त्याआधी हे आकडे येतात कुठून ते समजून घेऊ.

ईएसआर म्हणजे एक तासाची शर्यत

ईएसआर ही फार जुनी आणि फार साधी तपासणी आहे. १८९७ मध्ये पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्की नावाच्या डॉक्टरांनी ती मांडली. पुढे १९२१ मध्ये स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी तिची पद्धत ठरवली. आजही रिपोर्टवर 'वेस्टरग्रेन' असं नाव दिसतं.

करतात काय? रक्त न गोठेल असं औषध मिसळून ते एका उभ्या बारीक नळीत भरतात आणि एक तास ठेवतात. लाल पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली गेल्या, तो आकडा म्हणजे ईएसआर. बस, एवढंच.

मग त्याचा सुजेशी संबंध काय? लाल पेशी एरवी एकमेकींना दूर ढकलतात. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, आणि मग या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. चळत जड, म्हणून ती लवकर खाली बसते. आकडा वाढतो.

पण बघा, पेशी लवकर खाली बसायला इतरही कारणं पुरतात. वय वाढलं की ईएसआर वाढतो. बायकांचा पुरुषांपेक्षा जास्त असतो. गरोदरपणात वाढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त कमी असलं की वाढतो. लाल पेशीच कमी, त्यामुळे त्यांना खाली जाताना अडवणारं कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वयाचा एक ढोबळ हिशेब डॉक्टर वापरतात. पुरुषासाठी वय भागिले दोन. बाईसाठी वयात दहा मिळवा आणि दोनने भागा. आईचं वय ५६, अधिक १० झाले ६६, भागिले २ म्हणजे ३३. म्हणजे रिपोर्टवर छापलेली २० ची रेषा तिच्यासाठी नव्हतीच. तिचे ४४ जास्त होते, पण मला वाटले तितके दुपटीने नव्हते.

सीआरपी म्हणजे लिव्हरची घंटा

दुसरी तपासणी सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूमधल्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन.

हे प्रथिन लिव्हर बनवतं. शरीरात कुठे मोठी गडबड झाली की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात. तो निरोप लिव्हरपर्यंत पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. काही तासांत आकडा चढायला लागतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण संपलं की भराभर उतरतो. रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं. ईएसआर मात्र उतरायला आठवडे घेतो. म्हणजे मागच्या महिन्यातल्या तापाची आठवण ईएसआर ठेवतो, सीआरपी विसरतो.

बहुतेक लॅब लिटरमागे ५ किंवा ६ मिलिग्रॅमपर्यंतचं सीआरपी सामान्य मानतात. मोठ्या जिवाणू संसर्गात ते १०० च्याही वर जातं.

इथे एक सापळा आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही लॅब सीआरपी लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. दोन्हींत दहा पटीचा फरक. ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ६ मिलिग्रॅम प्रति लिटर, दोन्ही एकच. मागचा रिपोर्ट एका लॅबचा, आताचा दुसऱ्या लॅबचा, आणि "सीआरपी दहापट वाढलं" म्हणून घरात रडारड, असं होऊ शकतं. आकड्याआधी एकक वाचा.

मग गुडघा झिजतो तेव्हा रक्तात काय दिसतं?

बहुतेक वेळा काहीच नाही. किंवा अगदी थोडंसं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सूज नाहीच का? आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे नुसती झीज, असं पूर्वी समजायचे. आता तज्ज्ञ सांगतात की हा सगळ्या सांध्याचा आजार आहे. कूर्चा, तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतीचे स्नायू, सगळेच त्यात येतात. अस्तराला सूज येते, कधी गुडघ्यात पाणीही भरतं. पण ती सूज बहुतेक त्या सांध्यातच राहते. लिव्हरपर्यंत निरोप जाईल एवढी ती मोठी नसते.

आपल्याकडचं उदाहरण देते. वेचणी संपल्यावर शेतात पऱ्हाटी पेटवली की धूर डांबरी रस्त्यावरून दिसतो. रूमॅटॉइड संधिवात किंवा सांध्यातला जंतुसंसर्ग असा असतो, रक्तात दिसतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे घरातली चूल. धूर रस्त्यावरून दिसत नाही. पण चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येतंच ना?

म्हणून हे वाक्य नीट ऐका. सीआरपी नॉर्मल आहे याचा अर्थ "दुखत नाही" असा होत नाही. "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, उगाच करते" असं कित्येक घरांत आईला, मावशीला ऐकवलं जातं. सीआरपी दुखणं मोजत नाही. दुखणं मोजायचं यंत्रच नाही. ते विचारावं लागतं.

संशोधनात काय दिसलंय? १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या चिंगफर्डच्या बायकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सीआरपी थोडं वाढलेलं असतं, आणि ज्यांचं वाढलेलं त्यांचा आजार पुढे जास्त सरकतो, असं त्यात आढळलं. लोकांना वाटलं, चला, झिजेची रक्ततपासणी मिळाली! पण २०१० मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधल्या मोठ्या अभ्यासात वजनाचा हिशेब धरला, तेव्हा तो संबंध स्वतंत्रपणे उरला नाही. कारण चरबीच्या पेशीही तोच इंटरल्युकिन-६ चा निरोप सोडतात. वजन जास्त असलं की सीआरपीही थोडं जास्त आणि गुडघ्यावर भारही जास्त. दोघांचं मूळ एकच.

आणखी एक नवीन आकडा आजकाल ऐकू येतो, एनएलआर. सीबीसीमधल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं. संशोधक तो ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी तपासून पाहतायत, कारण वेगळा पैसा लागत नाही. पण साध्या सर्दीतापानेही तो बदलतो. घरी कॅल्क्युलेटर घेऊन त्यावरून गुडघ्याचं निदान करू नका.

ईएसआर कमी असणं हीच खूण

आता गंमत बघा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस ओळखायचे निकष दिले. त्यातल्या एका यादीत ईएसआर आहे, पण कसा? "४० पेक्षा कमी." आरए फॅक्टरही कमी असावा, असं त्यात आहे. म्हणजे रक्ताची तपासणी झीज सिद्ध करायला नाहीच. दुसरं काही नाही ना, हे बघायला आहे.

यादीतल्या बाकीच्या गोष्टी रक्ताच्या नाहीतच. वय पन्नासच्या वर. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटणं. गुडघा हलवताना करकर. हाडावर दाबलं की दुखणं, हाड जाड झालेलं लागणं. आणि हात लावला तर सांधा गरम नसणं.

डॉक्टर मॅडमनी आईला हेच विचारलं. "सकाळी उठल्यावर टोंगळा किती वेळ आखडतो?" आई म्हणाली, "चहा होयपर्यंत." "हाताची बोटं सुजतात का?" "नाही." "ताप येतो? वजन कमी झालं?" "ताप नाही, पण थकवा लय येते." मग दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवून पाहिला. गरम नव्हते. वाकवले, करकर वाजली. दहा मिनिटांत सांगितलं, गुडघ्याची झीज आहे, सुरुवातीची.

मी म्हटलं, "मग ईएसआर ४४ का?"

तेव्हा त्यांनी माझा फोन घेतला आणि पीडीएफचं पहिलं पान उघडलं. मी ते पान वाचलंच नव्हतं. सीबीसीचं पान. हिमोग्लोबिन ८.४.

बाण एकीकडे, आजार दुसरीकडे

मी बघतच राहिले. हिमोग्लोबिन बाईला १२ च्या वर हवं. तिथेही बाण होता, खाली जाणारा. पण आपल्याकडे बायांचं रक्त कमी असणं इतकं नेहमीचं, की तो बाण कुणाच्या डोळ्यात भरला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांचा ईएसआर वाचताना आधी हिमोग्लोबिन पाहायला हवं.

मॅडमनी जोडून दाखवलं ते असं. ईएसआर वाढलेला, पण सीआरपी ३.६, म्हणजे नॉर्मल. दोघांचं जुळत नाही, तेव्हा ईएसआर दुसऱ्याच कारणाने वाढलाय का ते बघायचं. हिमोग्लोबिन कमी, लाल पेशी आकाराने लहान, म्हणजे लोह कमी असण्याची शक्यता. आणि पाळी बंद होऊन सहा वर्षं झालेल्या बाईचं लोह कुठे जातंय? त्यांनी आईला विचारलं, "शौचाचा रंग काळा होतो का?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "होते कधीमधी."

पुढे दुर्बिणीने तपासणी झाली. पोटात जखम होती. चार महिने उपाशीपोटी खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांची.

आता हे चक्र बघा. टोंगळा दुखतो म्हणून गोळ्या. गोळ्यांनी पोटात जखम. जखमेतून थोडं थोडं रक्त जातं. रक्त कमी झालं म्हणून ईएसआर वाढला. ईएसआर वाढला म्हणून मी म्हटलं "सूज वाढली", आणि सूज वाढली म्हणून अजून गोळ्या! आकडा बरोबर होता. तो गुडघ्याचा आहे असं धरून मी वाचला, तिथे चुकले.

आणि त्या दोन सुया? त्यांत काय होतं ते लिहूनच दिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, असं एकदम उतरतं तेव्हा स्टेरॉइडची शंका घ्यायची. स्टेरॉइडने दुखणं उतरतं आणि सीआरपीही उतरतं, त्यामुळे खरा संधिवात असला तरी तो झाकला जातो. वर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि दुखण्याच्या गोळ्यांसोबत घेतलं तर पोटातल्या जखमेचा धोकाही वाढतो. चिठ्ठीवर नाव नसलेली सुई घेऊ द्यायची नाही. आमच्या घरात आता हा नियम आहे.

आपल्या विदर्भासाठी दोन जास्तीच्या गोष्टी

एक, सिकलसेल. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात महाराष्ट्रही आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. वाकड्या नाण्यांची चळत लागेल का? नाही. म्हणून अशा माणसाच्या अंगात मोठा दाह असला तरी ईएसआर कमी येऊ शकतो. रक्तक्षय ईएसआर वाढवतो, सिकलसेल तो दाबतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि सिकलसेल असलेल्या तरुण मुलाचा खुबा दुखत असेल तर "झीज असेल" म्हणून सोडू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो.

दोन, ऊन. ईएसआरची नळी साधारण १८ ते २५ अंश तापमानात ठेवायची असते. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पंख्यावर चालणाऱ्या खोलीत ती शर्यत जोरात पळते. नळी तीन अंश जरी कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. आणि बाहेर ठेवलेला नमुना साधारण चार तासांच्या आत लावला नाही तर उलटा, कमी येतो. सकाळी गावात घेतलेलं रक्त डब्यात घालून दुपारी शहरात पोचतं, तेव्हा मधे काय झालं ते पीडीएफवर लिहिलेलं नसतं. म्हणून एका आकड्यावर घर डोक्यावर घेऊ नका. शंका आली तर चांगल्या लॅबमध्ये परत करा.

मग पॅकेज करायचंच नाही का?

असं नाही. पण आधी डॉक्टर, मग तपासणी. उलटं केलं की काय होतं ते आकड्यांत सांगते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची सांधेदुखीची पाहणी केली. ऑस्टिओआर्थ्रायटिस जवळजवळ सहा टक्के लोकांत होता, रूमॅटॉइड संधिवात साधारण अर्धा टक्का. म्हणजे एकामागे दहाहून जास्त.

आता हजार प्रौढ माणसं घ्या. रूमॅटॉइड असलेली पाच. त्यांतल्या तिघा-चौघांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येईल. पण निरोगी माणसांतही साधारण पाच टक्क्यांचा तो पॉझिटिव्ह येतो, म्हणजे उरलेल्यांतून जवळजवळ पन्नास. सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर पॉझिटिव्ह आलेल्या चौपन्न जणांतल्या पन्नास जणांना तो आजारच नाही! लक्षणं बघून तपासणी केली तर हेच प्रमाण सुधारतं. आणि एएसओ? ती घशाच्या जुन्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाची खूण. ५६ वर्षांच्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्यात तिचं काही काम नाही. पॅकेजमध्ये असते, म्हणून होते.

मग सीआरपी आणि ईएसआर खरोखर कधी कामाचे? हे लिहून घ्या.

सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तासभर राहतो. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. वजन उतरतंय, बारीक ताप आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला आहे, तिथे टीबीचाही विचार करावा लागतो. ताप येऊन गेला आणि मग सांधे धरले, तिथे चिकनगुनिया. यात डॉक्टर या तपासण्या सांगतील आणि त्यांचा उपयोग होईल.

आणि एक सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला, सोबत थंडीताप, तर लॅबही नाही आणि गूगलही नाही. त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात पू असेल तर थोड्या दिवसांत सांधा कायमचा जातो.

आपण वर्धा जिल्ह्यातली माणसं यात नशीबवान आहोत. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचं कस्तुरबा हॉस्पिटल आहे. सावंगीला १९९० पासून मेडिकल कॉलेज आहे. एवढ्याशा जिल्ह्यात दोन. गुडघ्याला हात लावून बघणारा डॉक्टर आपल्यापासून फार लांब नाही. ओपीडीत रांग असते, मान्य. पण माझ्या पीडीएफने मला घाबरवण्यापलीकडे काही केलं नाही, आणि त्या रांगेने आईच्या पोटातली जखम शोधली.

पीडीएफ आली की काय करायचं

आधी एकक वाचा. मग हिमोग्लोबिन बघा, नंतर ईएसआर. वय धरून ईएसआरचा हिशेब करा. ईएसआर वाढलेला आणि सीआरपी नॉर्मल असेल तर रक्तक्षय आहे का विचारा. मागच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, दाढदुखी, जखम झाली होती का, आठवा. कोणत्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं दवाखान्यात घेऊन जा. "दुखण्याची गोळी" एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी आईला विचारा, सकाळी किती वेळ आखडतं?

आई आता कशी आहे?

दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या. पोटाचं औषध, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गुडघ्यावर चोळायचं मलम दिलं. व्यायाम सांगितला. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो उचलतो. वजनाचंही सांगितलं. एक किलो कमी झालं की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. चुलीपुढे आता पाटाऐवजी स्टूल आहे. शौचालयात खुर्ची बसवली. वेचणीला जातेच, थांबत नाही, पण मधे उठून दोन पावलं चालते.

चार महिन्यांनी परत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.२. ईएसआर २६, म्हणजे तिच्या वयाला नॉर्मल. गुडघा? गुडघा अजून दुखतो. पहिल्यापेक्षा कमी, पण दुखतो. म्हणजे बघा, ईएसआर ४४ वरून २६ वर आला आणि टोंगळा तोच राहिला. तो आकडा टोंगळ्याचा कधी नव्हताच.

मी आईला फोनवर सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल आला वं." ती म्हणाली, "बरं झालं. पण टोंगळा दुखते, हे तुले मीच सांगीन. कागद नाही सांगणार."

तर मंडळी, आज घरी फोन करा. रिपोर्टचं नका विचारू. गोळ्या कोणत्या चालू आहेत, जेवून घेते का, आणि सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतं, हे तीन प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा. नाव नको असेल तर तसं सांगा, वाचणार नाही. आणि हा भाग तुमच्या त्या काकांनाही फॉरवर्ड करा, जे ग्रुपवर निदान करतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.